तीन ट्रकांची तपासणी

हे गेल्यापासून हा किस्सा मलाच सांगावा लागतो. यांच्यासारखा रंगत नाही, तरी ऐका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. हे मोटार खात्यात ट्रकांची तपासणी करायचे. आमच्या परळच्या चाळीतला गणपत हा रे रोडच्या एका मालकाचा ट्रक चालवायचा. एकदा तो काकुळतीने म्हणाला, "भाऊ, माझ्या ट्रकाला ब्रेकच लागत नाय. मालक म्हणतो, तसाच पास करून आणतो."

पुढच्या सोमवारी मालकाने एकामागून एक तीन ट्रक आणले. कागद चोख, ब्रेकही चोख. तिसरा ट्रक मागून बघताना हे थांबले. फळीवर खडूने लिहिलं होतं, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पा’.

"हे तिन्ही ट्रकांवर कसं?"

"साहेब, सगळ्या मुंबईत हेच लिहिलंय!"

"खरंय. पण लिहिणाऱ्याला पोलिसांनी तिन्ही वेळा ‘पा’वरच पळवलं?"

मालकाची मान खाली गेली. नंबराच्या पाट्या बदलून त्याने एकच ट्रक तीनदा आणला होता.

आठवड्यात गणपतच्या ट्रकाला नवे ब्रेक बसले. तो सांगत होता, तीनदा तपासणीला नेलेल्या त्या दुसऱ्या ट्रकावरची घोषणा पूर्ण झाली होती. हे सरकारी नोकर, म्हणून मी काही विचारलं नाही. त्या सोमवारी संध्याकाळी यांच्या बोटांना खडू लागलेला होता, एवढंच सांगते.