स्वयंपाकघरासाठी बिनआवाजाचा पंखा

दुकानदार: चालूच आहे, काका. मघापासून चालू आहे.

नवरा: मग आवाज कुठाय?

दुकानदार: तेच तर. नऊ इंची, बावीस वॅट, पाच स्टार. जाळीपुढे हा कागद धरा. ओढला जातो ना? नाहीतर चालू आहे हे कंपनीलाही कळत नाही.

नवरा: आमचा जुना पंचावन्न वॅट खायचा आणि वर ट्रकसारखा ओरडायचा. हाच द्या.

बायको: थांबा. ओरडणारा नाही का एखादा?

नवरा: अगं, निम्म्याहून कमी वीज...

बायको: विजेचं तुम्ही बघा. मला आवाज हवा. अठ्ठावीस वर्षं मी त्या पंख्याखाली बोलत आलेय.

नवरा: कोणाशी?

बायको: तुमच्याशी.

नवरा: मला तर कधी ऐकू आलं नाही.

बायको: म्हणून तर अठ्ठावीस वर्षं झाली.

दुकानदार: काकू, रोज साधारण किती बोलणं होतं? त्यावर पंख्याचा आकार ठरतो.

बायको: पाऊण तास. यांची बहीण राहायला आली की दीड.

दुकानदार: मग बारा इंची लागेल. वन्सं वर्षातून किती दिवस असतात?

नवरा: अहो, तुम्ही लिहून काय घेताय? हे बघ, बिनआवाजाचाच घेऊ. तुझा स्वयंपाक होईपर्यंत मी बाहेर फिरून येत जाईन.

बायको: तुम्ही बाहेर गेलात तर बोलू कोणाशी?

नवरा: पण मला ऐकू यायला नको ना?

बायको: नकोच. पण तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायला हवेत. पंखा जळून आठ दिवस झाले, आठ दिवसांत एक शब्द बोलले नाही मी. घसा बसलाय.

नवरा: अस्सं. मला वाटलं, आपलं बरं चाललंय.

दुकानदार: उपाय आहे. बावीस वॅटचाच घ्या. जाळीचा एक स्क्रू ढिला ठेवतो. खडखडाटाला जादा वीज लागत नाही.

नवरा: आणि स्टार?

दुकानदार: पाचच्या पाच. स्टार मोटरीला असतात, काका, संसाराला नाही.

बायको: आधी बोलून बघते.

दुकानदार: अवश्य. काका, तुम्ही त्या मिक्सरांच्या मागे उभे राहा. पेपर देऊ?

(पंखा सुरू होतो. जाळी खडखडते. बायको तीन मिनिटं बोलते. जवळ उभा असलेला दुकानदार दोनदा मान डोलावतो.)

दुकानदार: काही कळलं, काका?

नवरा: अक्षर नाही.

बायको: द्या बांधून.

नवरा: मधे एकदा हसलीस फक्त. तेवढं आलं ऐकू.

बायको: दादा, स्क्रू अजून अर्धा फेरा ढिला करा.

नवरा: नको. तेवढं राहू द्या.