विचारायचं कोणी?

संपत : थांबवा, फादर. थांबवा गाडी. मागचं चाक बसलं.

फादर इनास : मला वाटलं, रस्ताच असा आहे.

संपत : रस्ता तर हायेच. पण चाक बी बसलंय. उतरा.

फादर इनास : खिळा. हा बघ, केवढा. आता काय, वडीगोद्रीला माघारी?

संपत : न्हाई, वस्ती जवळ हाय. दीड-दोन किलोमीटर. ढकलत जाऊ. भिवाकडं पंप हाय, पंक्चरचं सामान बी.

फादर इनास : तू टीव्ही दुरुस्त करतोस, व्हीसीआर दुरुस्त करतोस. एक पंक्चर काढता येत नाही?

संपत : पंक्चरला वायर आस्ती तर काढलं आस्तं. द्या हँडल इकडं. तुमी मागून ढकला.

फादर इनास : बिशपांनी मलाही असंच मागून ढकललं होतं. थेट वसईहून मराठवाड्यात.

संपत : पुढं खड्डा हाय. जपून ढकला.

फादर इनास : आज हसलाही नाहीस. दुकानातून निघाल्यापासून पाहतोय. घरी सगळं ठीक आहे ना?

संपत : उद्या तुमची मिस्सा-प्रार्थना झाली की आमची सगुणा चाल्लीय, कुंभार पिंपळगावला. माहेरी. पोरीला घेऊन.

फादर इनास : दिवाळी तर होऊन गेली.

संपत : परत यायचं न्हाई म्हणून चाल्लीय. तुमच्यासाठी थांबलीय फक्त. 'फादर महिन्यातून एकदा येतेत, त्यांचं जेवण आपल्या घरी आस्तं, तेवढं करते आन् जाते' म्हणली.

फादर इनास : कारण?

संपत : तिला वाटतंय, वडीगोद्रीत माझी बाई हाय.

फादर इनास : आहे?

संपत : न्हाई. आईची आण.

फादर इनास : मग तसं सांग तिला.

संपत : 'मंग दुपारचं शटर खाली करून तीन-तीन तास आत काय करता' म्हणती. त्याला काय सांगू? तुमाला तर माहीत हाय, फादर.

फादर इनास : मला काय माहीत आहे?

संपत : फादर!

फादर इनास : विचारतोय. मला काय माहीत आहे?

संपत : ईस्टरच्या आधी, उपवासाच्या महिन्यात तुमी म्हणलात, दोन हजार साल, जुबिलीचं वरीस हाय, सगळ्यांनी प्रायश्चित्ताला बसा, आपलं पाप सांगून मोकळं व्हा. लिंबाखाली खुर्ची टाकून बसल्ता. मी सगळ्यात शेवटी आल्तो. सगळं सांगितलं. रडलो बी.

फादर इनास : बरं.

संपत : नुसतं बरं? त्याच सांजंला तुमी माझ्या घरी जेवलात. मी भाकर वाढून राह्यलो आन् तुमी विचारलंत, यंदा ज्वारी कशी झाली. पुढच्या महिन्यात आलात. म्हणलं, आज विचारतील. पोरीच्या शाळंचं विचारलंत. त्याच्या पुढं म्हशीचं. आठ महिने, फादर. म्हशीची चौकशी झाली, माझी न्हाई. मला वाटलं, इसरले. न्हाईतर माझी किळस आली.

फादर इनास : थांब. गाडी स्टँडला लाव.

संपत : काहून?

फादर इनास : हे ढकलता ढकलता सांगायचं नाही. नीट ऐक. प्रायश्चित्ताला बसून कोण काय बोललं, ते मी बाहेर बोलू शकत नाही.

संपत : दुसऱ्याला सांगत न्हाईत, ते माहीत हाय मला.

फादर इनास : दुसऱ्याला नाही, आणि तुलाही नाही. तू काय बोललास, काही बोललास की नाही, एवढंसुद्धा मी आत्ता म्हणणार नाही. तुझ्या घरी ताटावर बसून 'कसं चाललंय रे त्याचं' असं विचारायचा मला हक्कच नाही. ते दार तुझ्या बाजूनं उघडतं. माझ्या बाजूला कडी नाही.

संपत : म्हंजे मी आठ महिने वाट पाहून राह्यल्तो...

फादर इनास : आणि मी म्हशीची चौकशी करत होतो.

संपत : हे कोणी शिकवलं न्हाई आमाला.

फादर इनास : शिकवायला हवं होतं. 'फादर कुणाला सांगत नाहीत' एवढंच आम्ही सांगतो आणि पुढं जातो. ती आमची चूक.

संपत : माझी बी ऐका मंग. तुमी विचारत न्हाई म्हणून मी जालन्याला गेलो. तिथं एकदा सांगितलं. मंग औरंगाबादला. एका चर्चला एकदाच जायचं, दर खेपेला नवे फादर. दर खेपेला म्हणायचं, पहिल्यांदाच घडलं. ते बिचारे चांगलं समजावून सांगायचे. येष्टीत बसलो की आंग हलकं व्हायचं. सोमवारी पुन्हा शटर खाली.

फादर इनास : आत्ता आपण रस्त्यावर आहोत. मी खुर्चीवर नाही, तू गुडघ्यावर नाहीस. इथं जे सांगशील, ते एका माणसानं दुसऱ्या माणसाला सांगितलेलं. कुणाला बोलणार नाही, पण पुढं तुला विचारू शकेन. सांगायचं असेल तर सांग. नसेल तर धर हँडल.

संपत : कोणी तरी येतंय.

फादर इनास : बैलगाडी आहे. जाऊ दे पुढं.

संपत : ... राम राम, तातेराव! न्हाई, न्हाई, पंक्चर हाय नुसतं. या तुमी.

फादर इनास : गेले.

संपत : ह्यांच्याच मशिनीपासून सुरू झालं. तीन वर्सं झाली. व्हीसीआर आणला, आत क्यासेट आडकल्ती. काढली. मशीन चालतं का बघाया तीच लावली. तसली निघाली. बंद कराया पाह्यजे होती. शेवटपर्यंत पाह्यली. मंग रोज वाट बघायचो, कोणाच्या मशिनीत काय आडकून येतंय. आता सीडी आल्या. आडकायची बी गरज न्हाई, औरंगाबादेहून स्वतःच आणतो. प्रायश्चित्ताला गेलो की येताना आणतो, फादर. त्याच पिशवीत.

फादर इनास : हं.

संपत : आईची जपमाळ आस्ती माझ्या खिशात. ती आधी काढून ड्रॉवरात ठेवतो. मंग लावतो.

फादर इनास : ड्रॉवरात का?

संपत : मरियामातेला दिसू न्हाई म्हणून. हसा तुमी.

फादर इनास : हसत नाही.

संपत : आन् सगुणा. दिवसभर कापूस वेचून येती, बोटं फाटलेली. काही सांगत आस्ती. मी तिच्याकडं बघतो, पण मला ती दिसतच न्हाई. डोळ्यापुढं दुसरंच. परवा म्हणली, 'तुमी घरात आसून नसता.' ते सीडी बघण्यापरीस हे जास्त वंगाळ हाय. उपाय सांगा कायी. नऊ शुक्रवार धरू का?

फादर इनास : आधी धरले होतेस?

संपत : दोनदा. एकदा पाचव्याला मोडलं, एकदा दुसऱ्याला.

फादर इनास : मग आता नको. तू देवाशी पैज लावतोस, आणि हरलास की त्याला तोंड दाखवत नाहीस. प्रार्थना लहान कर. जपमाळ ड्रॉवरात जाणार नाही. हात सीडीकडं गेला की त्याच हातानं ती धरायची. एक नमो मरिया. पूर्ण नाही झाली तर अर्धी. पडलास तर पडल्यावर म्हण, लगेच. येशूचे लंगोट धुतलेली बाई आहे ती. घाणीला भीत नाही.

संपत : आन् प्रायश्चित्त?

फादर इनास : एकाच फादरकडे. माझी लाज वाटत असेल तर जालन्याला जा, पण पुढच्या खेपेला परत त्यांच्याचकडे. आणि गुडघे टेकल्याबरोबर सांगायचं, मागच्या वेळचं विचारा. क्षमा पहिल्या वेळी जेवढी असते तेवढीच शंभराव्या वेळी असते, त्याची काळजी तू करू नकोस. तू फक्त खोटं बोलू नकोस. शटर अर्धंसुद्धा खाली घ्यायचं नाही. कामाचं टेबल रस्त्याकडं तोंड करून लाव.

संपत : ऊन येतं.

फादर इनास : येऊ दे.

संपत : आता तुमी विचाराल ना?

फादर इनास : विचारीन. महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांचं काय? रोजचं माणूस तुझ्या घरातच आहे.

संपत : तिला न्हाई सांगणार. तेवढं सोडून बोला.

फादर इनास : मग ती उद्या जाईल. जी बाई नाहीच तिच्यावर चिडून.

संपत : आन् खरं ऐकून गेली तर?

फादर इनास : जाईलही. मी हमी घेत नाही. पण खऱ्या कारणासाठी जाईल.

संपत : तुमीच सांगा ना. तुमचं ऐकती ती.

फादर इनास : नाही. मी भिवाकडं पंक्चर काढतो. तू घरी जा.

संपत : पंक्चरला किती येळ लागतो? दहा मिनिटं.

फादर इनास : मला एक तास लागेल.

(संपतचं घर. सगुणा चुलीपुढं बसली आहे. बाहेर अजून उजेड आहे.)

सगुणा : फादर कुठं हायेत?

संपत : भिवाकडं. पंक्चर काढून राह्यलेत.

सगुणा : फादर पंक्चर काढतेत आन् तुमी घरी आलात?

संपत : तुझ्याशी बोलायचंय.

सगुणा : पिशवी भरून झाली माझी. आता बोलून काय करता? आन् हळू बोला, रूथ अंगणात खेळून राह्यलीय.

संपत : बाई न्हाई कोणी.

सगुणा : मला नुसतं नाव सांगा तिचं. भांडत न्हाई मी. नाव सांगा.

संपत : नाव न्हाई. बाईच न्हाई. सीडी हायेत.

सगुणा : काय हायेत?

संपत : सीडी. तसल्या, नागड्या. दुकानात लावून बघतो. तीन वर्सं झाली. सोडायचं म्हणतो, सुटत न्हाई. सगुणा, भाकर करपली.

सगुणा : करपू द्या. नुसतं बघता?

संपत : व्हय.

सगुणा : एकटेच?

संपत : एकटाच.

सगुणा : बाई आस्ती तर जाऊन झिंज्या धरल्या आस्त्या. आता कोणाच्या धरू? टीव्हीच्या?

संपत : माझ्या धर.

सगुणा : थट्टा करू नका. मला हसू बी येऊन राह्यलंय आन् घाण बी वाटून राह्यलीय. तीन वर्सं आरशात बघते मी. वाळले, काळी पडले, म्हणून मन उडालं म्हणायचे. शेजारच्या गोजरबाईनं सांगितलं म्हणून तोंडाला हळद लावून झोपले. तुमाला दिसलं बी न्हाई.

संपत : तुझं कायी चुकलं न्हाई.

सगुणा : ते आता कळलं. लई उशिरा सांगितलंत. फादरनी सांगाया लावलं?

संपत : ते म्हणले, रोज विचारणारं माणूस लागतं. तू विचारशील का रोज?

सगुणा : न्हाई.

संपत : बराबर हाय.

सगुणा : मी काय जमादार हाय? येऊन तुमच्या शटरवर पाळत ठेवू? मी बिलकुल विचारणार न्हाई. तुमीच सांगायचं. रोज. न्हाई बघितलं तरी, बघितलं तरी.

संपत : म्हंजे तू उद्या...

सगुणा : पिशवी भरलेलीच राहू द्या खुंटीला. कवा सोडायची ते मी ठरवीन.

संपत : सांगतो. पण तुझ्या तोंडाकडं बघून माझी जीभ उचलत न्हाई.

सगुणा : भाकरी थापताना सांगा. तवा माझं तोंड चुलीकडं आस्तं.

* * *

संपत : आज न्हाई.

सगुणा : बरं.

* * *

संपत : आज बी न्हाई. टेबल रस्त्याकडं केलं. मानंवर ऊन येतं.

सगुणा : रुमाल बांधा.

* * *

संपत : आज बघितली.

सगुणा : ...

संपत : सगुणा?

सगुणा : ऐकू आलं. ताट झाकून ठेवलंय, घ्या. मी रूथकडं जाऊन बसते. उद्या पुन्हा सांगा.

* * *

संपत : नाताळच्या प्रायश्चित्ताला बसलो. आपल्याच फादरकडं. म्हणलं, मागच्या वेळचं विचारा.

सगुणा : विचारलं?

संपत : बारीकसारीक. मंग राह्यलेल्या सगळ्या सीडी फोडल्या. मागं खड्डा करून पुरल्या.

सगुणा : चुलीत काहून न्हाई घातल्या?

संपत : वास सुटला आस्ता गावभर.

* * *

संपत : खुंटीवरची पिशवी कुठं गेली?

सगुणा : दळण नेलं तिच्यात. आज काय?

संपत : न्हाई. पण तातेरावांचा प्लेयर आल्ता, आत तसलीच सीडी ठेवलेली. हात गेल्ता. जपमाळ धरली. अर्धी नमो मरिया झाली तवर गोजरबाई आली, रेडिओ खरखर करतो म्हणून. दोन तास बसली.

सगुणा : मरियामातेनं धाडलं म्हणा.

संपत : तिला सांगू नको. रोज येऊन बसंल.

* * *

सगुणा : आज कायी बोलला न्हाई तुमी.

संपत : कशाचं?

सगुणा : तिसरी भाकर थापून झाली.

संपत : अगं... इसरलो.

सगुणा : इसरलात?

संपत : दिवसभर मनात आलंच न्हाई. आत्ता तू म्हणलीस तवा आलं. ईस्टरचे पडदे शिवून घ्यायचेत ना चर्चला, त्याच्याच घाईत होतो. आगं, इकडं काहून बघून राह्यलीस? तव्याकडं बघ.

सगुणा : बघू द्या जरा.