हळदीच्या हातावरचं नाव

नाही नाही, उभ्या उभ्या नको, बसा हो हितेशशेठ — ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इथे पलंगावर बसा. खाली गाडीपाशी उभे आहेत ते दोघं तुमचेच ना? त्यांनाही बोलवा की वर. नको? बरं, राहू दे. जरा मोठ्याने बोलतो हां, राग मानू नका, निजामपुऱ्यात खाली लूम सुरू असली की घरातसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं. तर तुमचं म्हणणं, तुमची बहीण मनाली सकाळपासून घरात नाही, संध्याकाळी लग्न, मंडपात आचारी येऊन बसलेत, आणि काल हळदीच्या कार्यक्रमात तिने माझ्या चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहिलं ते तुम्हाला पाहिजे. अहो, कोणाचं लिहिणार! नवऱ्या मुलाचं. विशालरावांचं. अख्ख्या अंजूरने बघितलं, माझ्या हातावर उमटलं ते! तुमचे वडील तर स्टेजवर चढून ओरडले, 'मास्तरांनी पोरीचे मनातला बरोबर वाचला!' मास्तर नाही हो मी, शाळेत क्लार्क होतो, पण कोणी म्हटलं की बरं वाटतं.

आत? आत कोण असणार, आमची बायको, माई. रडत नाहीये हो, सर्दी झालीय तिला सकाळपासून. माई, शेठ आलेत, चहा टाक! — खरं तर तुमचे उपकारच आहेत आमच्यावर. आमच्या पोराला, मिहिरला, तुम्ही पडघ्याच्या तुमच्या गोडाऊनला चिकटवलंत, त्याने तुमच्यापाशी सहज विषय काढला की आमचे बाबा मनकवड्याचे प्रयोग करतात, म्हणून तर ही सुपारी मिळाली. नाहीतर हळदीला डीजे सोडून माझ्यासारख्याला कोण बोलावतंय!

काय, व्हिडिओ? दाखवा की. हां, हा मीच. जाकीट घट्ट झालंय जरा. — इथे? हो, इथे थांबलो मी, चिठ्ठी दिव्यावर धरायच्या आधी. नऊ सेकंद? मोजलेत तुम्ही? अहो शेठ, त्यालाच तर शोमनशिप म्हणतात! लोकांना वाटतं हा खेळ म्हणजे हातचलाखी. आहे ना, हातचलाखी आहेच. चिठ्ठी फाडताना मधला तुकडा बोटांत राहतो, तुकडे दिव्याकडे नेता नेता तो अंगठ्याने उघडायचा, एक नजर टाकायची — वीस वर्षं केलंय, झोपेतसुद्धा करीन. पण नुसती हातचलाखी दाखवली तर लोक म्हणतात, चलाख आहे म्हातारा, आणि जेवायला जातात. आणि नुसता आव आणला, डोळे फिरवले, हवेत हात नाचवले, तर मागची पोरं खी खी करतात. दोन्ही भाजीतल्या मिठासारखं बेताने पडलं पाहिजे. काम हाताने करायचं आणि लोकांना तोंडाने गुंतवायचं. म्हणून थांबायचं. मी नेहमी चार सेकंद थांबतो. काल नऊ झाले असतील. दिवा फडफडत होता, दुसरं काय.

केमिकल? कोण म्हणालं केमिकल? सीताबाई? तुमच्या आई आहेत, म्हणू देत. पण केमिकल म्हणून उडवून लावू नका हो, वाईट वाटतं. चुना आहे तो. पानवाल्याकडचा साधा चुना. निवळी करायची, काडीने हातावर नाव लिहायचं, वाळलं की कोणाला दिसत नाही. आणि भर मांडवात नवरीच्या वाटीतली ओली हळद घेऊन चोळली, की पिवळ्यात लालभडक नाव उठतं! बाकीचे लोक राख चोळतात. हळद ही माझी डोक्यालिटी, ह्या ठाण्याच्या पट्ट्यात दुसरा कोणी करत नाही. अक्षर माईचं. काल घरून निघतानाच तिने लिहून दिलं, 'विशाल', छान वळणदार, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि रिक्षात बसलो.

कसं म्हणजे? घरून लिहून नेलं तर जुळलं कसं? अहो शेठ, हळदीला बसलेली नवरी दुसरं कोणाचं नाव लिहील! पत्रिका बघायची आणि नाव लिहायचं. बावीस हळदी केल्या, एकदाही चुकलं नाही. पण म्हणून चिठ्ठी न बघता करणारे आळशी लोक असतात ना, तसला मी नाही. मी प्रत्येक चिठ्ठी बघतो. कालचीसुद्धा —

म्हणजे बघतो असं नाही. नजर जाते. काल उजेड कुठे होता तेवढा, तुमचे ते रंगीत लाइट सारखे फिरत होते. आणि चिठ्ठी जळली, तिची राख तुमच्याच मांडवात पडली. नका ना असे बघू माझ्याकडे. त्या पोरीने काही वाईट केलं नाही हो. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, टाळ्या वाजवत होते, आणि ती एकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. काका, आता तुम्ही काय कराल — असं. खेळ म्हणून लिहिलंच नव्हतं तिने, मला सांगायला लिहिलं होतं. आणि मी काय केलं? हळद चोळली. घाबरलो, खरं सांगतो. खरं नाव घ्यावं तर मांडवात काय झालं असतं, तुम्हाला सांगायला नको. — असं मी म्हणतोय, पण मला ठाऊक काहीच नाही. विशालच लिहिलं असेल. अंधुक दिसलं.

खरोखरचं मन? कसलीच चलाखी न करता? वाचता येतं ना थोडंफार. त्यात जादू नाही काही, उगाच बुवाबाजी सांगणार नाही तुम्हाला. माणसासमोर एकेक नाव घ्यायचं आणि त्याला बोलू द्यायचं. खोटं नाव आलं की माणूस बोलत राहतो, हसतो, शिव्यासुद्धा देतो. खरं नाव आलं की गप्प. श्वासभरच, पण गप्प. जितका बडबड्या माणूस तितकं सोपं. चाळीस वर्षांच्या बेरकी बायका सापडल्यात मला अशा — तुमचा चहा कसा, साखर कमी ना?

काय म्हणालात, मोरू? कोण मोरू? तुमच्या गोडाऊनचा क्रेनवाला? अहो, त्याला दोन पोरं आहेत! आता हे काय चालवलंत तुम्ही, माझाच खेळ माझ्यावर? हसू येतंय मला. कैलास? तो चेकर ना, चष्मेवाला? तो मान वर करून बोलत नाही कोणाशी, मिहिरच सांगत होता. बस करा की शेठ, चहा येईल आता. जनार्दन? वॉचमनला काय ओढताय त्यात, साठीचा माणूस तो, मी आपला एक क्लार्क, मला तुमच्या गोडाऊनमधल्या लोकांची काय माहिती, मी एकदाच आलो होतो पूजेला, आणि तेव्हासुद्धा बाहेर —

…

कुठे निघालात? बसा ना. शेठ, बसा. चहा झालाय. माई, दार लाव! — हितेशशेठ, खाली त्या दोघांना फोन नका लावू, माझं ऐका, पोराचं नाव तुम्ही घेतलंत, मी काय म्हणालो? सांगा ना, मी काय म्हणालो? मी एक शब्दसुद्धा बोललो नाही!