डबडं ऐकून राह्यलं

अन् मले म्हणते, हळू बोला! मले! आता तुमीच सांगा राजेहो, ज्या मानसानं सारी उमर वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या गड्याले हाका मारल्या, त्यानं हळू बोलावं तं कसं? आमचा बंजाऱ्याचा तांडा नेरच्या अलीकडं, अन् लोक म्हणतात का आमी तांड्यात बोललो का नेरच्या बाजारात ऐकू जाते. अन् माही बायको रुपीबाई, जिचा आवाज ऐकून आमचा बैल आपोआप पाय उचलते, ती चुलीपाशी बसून माह्या कानात सांगते, "तांड्याच्या नायकाचे लेक ना तुमी, मंग शानपना करा जरा. हळू बोला, डबडं ऐकून राह्यलं." आपल्याच घरात, राजेहो.

डबडं म्हणजे काय, ते सांगतो. आमचा पोरगा बादल पुण्याले कंपनीत हाय. गेल्या साली त्याची याडी, आमच्या गोरबोलीत मायले याडी म्हणतात, तं त्याची याडी न्हाणीत घसरली. मोडलं-बिडलं काई नाई, नुसता मुका मार. पन पोरगा रजा टाकून निघाला. आला अन् फळीवर, देवाच्या बाजूले, एक गोल डबडं ठेवून गेला. त्याच्याशी बोललं का ते बोलते, गानं म्हन म्हटलं का म्हनते. अन् तिकडं पुण्यात बादलनं मोबाईलचं बटन दाबलं का घरातलं सारं त्याले ऐकू जाते! बल्बबी तसेच, पुण्यातून लागतात अन् पुण्यातून इझतात. जाता जाता म्हणे, "बा, जराशी गडबड वाटली का मी येतो अन् दोघालेबी पुण्याले घेऊन जातो. मंग काई ऐकनार नाई."

 पुनं वाईट नाई हो. पोरगं सोन्यासारखं हाय, सून वर्षा तं मले ताटावरून लवकर उठू देत नाई. पन तिथं बोलावं कोनाशी, लिफ्टशी? मांगं गेलतो तं बाल्कनीतून खालच्या वॉचमनले "जेवला का भाऊ" असं इचारलं, तं सोसायटीच्या सेक्रेटरीनं बादलले फोन केला का तुमचे वडील ओरडून राह्यले! माहा जीव तांड्यात हाय, तिचाबी तांड्यातच. म्हून आमी ठरवलं, डबड्यापुढं गडबड होऊ द्याची नाई. खोकलाचं नाई, गुडघा दुखते म्हनाचं नाई, अन् भांडाचं तं अजिबात नाई.

आता भांडाचं नाई म्हटल्यावर आमी बोलावं काय? लगीन झालं तवापासून आमचं बोलनंच ते हाय. "जेवले का" हेबी ती भांडूनच इचारते. नवा सोयरा आला का पयले घाबरते, मंग भाकर खाऊन होईलोक त्याले समजते का या घरात सारं बरं हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजेवर बसलो, तं आतून आवाज, "अहो, आपण चहा घेणार का?" म्या मांगं वळून पाह्यलं, मले वाटलं पाव्हना आला कोनी. पाव्हना कायचा, माहीच बायको, टीव्हीतल्या बाईवानी कपबशी घेऊन उभी! आता आपन कायले कमी पडावं? म्या म्हटलं, "घेऊ की. आपल्या हातचा चहा म्हणजे अमृत." घोट घेतला... साखरच नाई. एरवी म्या सारा तांडा गोळा केला असता. पन डबड्याकडं तोंड केलं अन् म्हटलं, "वा, काय गोड झाला." रुपीबाईच्या डोळ्यात पानी आलं. मायेनं नाई हो, हासू दाबू दाबू.

अन् ते बल्ब! दिवेलागनीले मी अंधारात बसून जराशी तंबाखू मळून राह्यलतो. डॉक्टरनं मना केलं ना, मंग उजेडात कशी मळावी? तं फटकन बल्ब लागला अन् फळीवरून बादल बोलला, "बा, अंधारात काय करून राह्यले?" अर्धी तंबाखू खाली, अर्धी डोळ्यात. म्या म्हटलं, "काई नाई बापा, देवाचं नाव घेऊन राह्यलो." आपल्याच घरात, राजेहो.

पन भांडन पोटात राह्यलं का मानसाले अन्न जात नाई. आमी कोठ्यात गेलो, बैलापुढं भांडू म्हटलं. रुपीबाई म्हणे, भिंतीतून ऐकू जाईन. म्या म्हटलं गोरबोलीत भांडू, मशीनले मराठी येते, हिंदी येते, आपली बोली कोठून येईन? तं म्हणे, "मशीनले नाई येत, पन तिकडं बसलं ते पोरगं काय म्या इंग्रजीत वाढवलं का?" बरोबर हाय... मंग काय, बाजाराच्या दिवशी नेरले गेलो अन् यष्टी स्टँडवर, भर गर्दीत, साऱ्या हप्त्याचं भांडून घेतलं. चहातली साखर, तिच्या भावाच्या लग्नात मले न भेटलेला फेटा, सारं. कंडक्टरनं घंटी नाई मारली, गाडी तशीच उभी! माही फटफटी दुरुस्त करते तो मन्सूर मिस्त्री पाना घेऊन धावत आला, "अरे नेमसिंगभाऊ, घर में बैठ के बोलो ना, सब लोग सुन रहे." म्या म्हटलं, "मन्सूरभाई, घर में सुनते, इसीलिए तो यहाँ आए."

असं गोडीगुलाबीनं चाललं होतं, तं एका सकाळी तांड्यात गाडी थांबली. बादल अन् वर्षा. पोराचे डोळे लाल, रातभर गाडी चालवलेली. बूट न काढता घरात आला, "याडी, खरं सांग, बाले काय झालं?" रुपीबाई घाबरली, अन् घाबरून पुन्हा तेच, "काही नाही बाळा, आपण बसा ना." बादलनं वर्षाकडं पाह्यलं, "पाह्य! इतके दिवस झाले, एक शिवी नाई, एक भांडं आदळलं नाई. बा तिच्या चहाले अमृत म्हणते! दोघापैकी एकाले काईतरी मोठं झालं हाय अन् हे लपवून राह्यले. भर सामान." अन् वर्षा माहे धोतरं पिशवीत भराले लागली. "मामाजी, तिथं चांगला डॉक्टर हाय," म्हणे.

 ज्याच्यासाठी गोड बोललो, तेच घर सुटून राह्यलं! म्या सांगाले तोंड उघडलं, तं त्याच्या आधी रुपीबाई माह्यावर फिरली, "सारं तुमच्यानं! अमृत म्हनाले कोनी सांगतलं होतं? जलमात कधी चांगलं म्हटलं नाई, अन् एकदम अमृत?"

"अन् तुहं आपन-आपन? बिनसाखरेचा चहा कोनी पाजला?"

"साखर तुमी आनली होती का?"

सुटलो मंग आमी, राजेहो! कोठ्यातला बैल उठून उभा राह्यला. अन् बादल उंबऱ्यावर खाली बसला, तोंड झाकून रडाले लागला. एवढा मोठा सायब. म्हणे, "भांड याडी, भांड." वर्षानं गुपचूप माहे धोतरं पिशवीतून काढले.

मंग त्यानं सांगतलं. म्हणे, "बा, पाळत नाई ठेवली तुमच्यावर. आमी दोघं कामावरून येतो, जेवाले बसतो, घर इतकं चूप असते का घास उतरत नाई. म्हून बटन दाबतो. तुमचं भांडन ऐकाले भेटलं का दोन पोळ्या जास्त जातील, असं वाटे."  जे पोरगं माह्या आवाजानं लहानपनी कोठीमांगं लपे, त्याले तोच आवाज जेवाले लागते. म्या एवढंच म्हटलं, "ऐक बापा, पन सांगून ऐकत जा."

तवापासून बटन दाबलं का तो आधी सांगते. डबडं फळीवरच हाय, अन् आमी कामाले लागलो. कारन भांडन रोज कोठून आनावं? काल तं काई विषयच नोता. भाजी बरी, मीठ बरोबर, साखरेचा डबा काठोकाठ. मी मस्त बाजेवर आडवा झालो, तं फळीवरून आवाज आला, "याडी, जेवाले बसलो." रुपीबाईनं माहा पाय हालवला अन् कानात म्हणे, "उठा ना, काढा काईतरी खोट भाजीत. लेकरू ताट घेऊन बसलं."