काठावरची भोकं

भांडायला नाही आलो, माय — दार लावू नका. साखळी असू द्या, साखळीतूनच बोलतो. मी निताई बसाक, विणकर, टांगाइलहून ढाक्याला आलोय, पहाटेच्या बसनं. तुम्ही बैशाखच्या, नव्या वर्षाच्या सणाला लाल काठाची पांढरी साडी मागवलीत ना, फोनवर बघून — ती आमची. म्हणजे माझी नात विकते, झुमुर. लाइव्हमध्ये बोलते ना ती, 'आपा, जवळून बघा, भाभी, पदर बघा' — तीच. पत्ता? पार्सलच्या चिठ्ठीची एक प्रत तिच्या डब्यात होती, ती उचलली. तिला न सांगता, हो. मला वाचता येत नाही, बसमधून उतरल्यापासून सात जणांना दाखवली. एकानं मिरपूर म्हटलं, एकानं उलटंच पाठवलं. तुमचा दारवान बरा, म्हणाला, 'चाचा, पाचवा मजला, लिफ्ट बंद आहे, वर जाईस्तोवर सण निघून जाईल.' चढलो. सावकाश चढलो. जन्मभर मागाच्या पावड्या दाबल्या, पाय अजून ऐकतात.

तर ते तुम्ही फोनवर लिहिलंय ना — काठाला भोकं आहेत, साडी कागदासारखी कडक आहे, आंबूस वास येतो, फसवणूक आहे — ते पुसता येईल का? पुसता येतं म्हणे, बोटानं. झुमुरनं मला वाचून दाखवलं, दोनदा. खाली लोकांनी हसरी तोंडं चिकटवलीत, हजारभर. आता आमच्याकडे कोण आधी पैसे देतो? देऊ पण नयेत; साडी मागवली की पोतं येतं, फोन मागवला की साबण येतो. माल दारात आला की मगच पैसे. त्यामुळे झालंय काय, बायका दार उघडतात, पार्सलावर आमचं नाव बघतात आणि म्हणतात, घेऊन जा परत. एकतीस आली परत, माय. एकीनंही उघडून बघितलं नाही, चिकटपट्टीसुद्धा तशीच. ओसरीवर रचून ठेवलीत. पोर त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसते आणि जेवत नाही.

आहे का ती साडी घरात? आणता? आणा, आणा, मी उभा आहे — नको, खुर्ची नको — बरं, द्या. साखळी काढलीत, बरं वाटलं. हं. आता वास घ्या. हा वास लाह्यांचा. भाताच्या लाह्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यात चिमूटभर चुना, आणि ती खळ सुताला द्यायची. कुबट नाही तो, खळीचा वास आहे. दोन धुण्यांत जातो, कडकपणाही जातो, मग साडी अंगावर अशी पडते की — काय सांगू, माझी बायको असती तर नेसून दाखवली असती. आणि ही भोकं. फाटलेली नाहीत. विणताना कापड आकसू नये म्हणून दोन्ही काठांना टोकदार पट्टी टोचून लावतात, चार बोटं विणून झालं की पट्टी पुढे सरकवायची, पुन्हा टोचायची. त्याची ही भोकं. हातमागाची खूण हीच, माय! झुमुरनं तेच तर लिहिलं तुम्हाला, 'आपा, भोकं म्हणजे माझ्या दादूची सही आहे.' दादू म्हणजे मी, तिचा आजा. तुम्ही उलट लिहिलंत, 'मग चाटत बस ती सही.' जाऊ द्या, रागात माणूस लिहितो.

ही दुसरी घ्या. पिशवीतली, तुमच्यासाठीच आणलीय. हात लावा, खिडकीपाशी न्या. अदलाबदल करू — ही तुमची, ती माझी. नको कशी? बघा तर, काठ बघा —

काय? हो, वेगळी दिसतात. भोकं आहेत ती, थोडी इकडे तिकडे असणारच. ह्या पिशवीतल्या साडीची? सकाळी हात ताजा असतो, चार बोटांवर पट्टी सरकते. जेवल्यावर आळस येतो, पाच बोटं होतात. कुणी बोलायला आलं की सहा. म्हणून मागेपुढे. आणि ह्या तुमच्या — तुमच्याकडच्या साडीची सगळी सारखी कशी, म्हणता. एका रेषेत. मोजून टोचल्यासारखी.

घोटभर पाणी द्या, माय.

बसतो आता. जिन्याचं काही नाही, जिन्यानं काही झालं नाही. घाबरलेला माणूस फार नेटकं काम करतो, एवढंच. सुईनं केलीत ती. मी. पन्नास साड्यांची मागणी आली, सण बारा दिवसांवर, आणि माझ्या मागावर चार दिवसांत एक साडी उतरते. तिला वाटतं पाड्यातले वीस माग चालू आहेत. कुठले हो! दोन चालू आहेत. एकावर मी आणि एकावर हारान, तोही दम्यानं खोकतो. मीच तिला म्हटलं होतं, तू मागणी घेत जा गं, माणसं मी बघतो. पहिल्यांदाच कुणी एवढ्या साड्या मागत होतं. नाही कसं म्हणू? हाटातून यंत्रमागाच्या आणल्या. खळ दिली, वास यावा म्हणून. आणि गोठ्यात बसून काठ टोचत गेलो. भिंतीपलीकडे ती लाइव्हवर बोलत होती, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता — 'एकेक साडी आमच्या पाड्यातल्या हातमागाची' — आणि मी टोचतोय. मला वाटलं, खूण दिसली की लोक भरवसा ठेवतील. आणि तुम्ही नेमकं त्या खुणेलाच फाटकं म्हणालात! हसू येतं मला. नाही, रडत नाहीये, डोळ्यांना पाणी येतं म्हातारपणी.

आज संध्याकाळी सातला पुन्हा लाइव्ह आहे. मला शेजारी बसवणार आहे ती, माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घेणार आहे — एक जरी साडी आमच्या हातमागाची नसेल तर माझा दादू मरो. सदरा इस्त्री करून ठेवलाय तिनं. मरायला मी भीत नाही, वय झालं. पण ती खरी पोर आहे हो. तिच्या तोंडून खोटी शपथ जाईल आणि तिला कळणारही नाही. तुम्ही लिहिलेलं पुसलंत तर शपथेची गरजच राहत नाही, म्हणून आलो. लिहा ना, माझी चूक झाली, भोकं खरी आहेत. एवढंच. तुमचं काय जातं?

हो. खरं आहे. तुमचं बोलणं खरं होतं आणि मी तुम्हाला ते खोटं म्हणायला सांगतोय. साडीवर खोटं टोचलं, आता तुमच्या हातानं टोचून घेतोय.

कुणाला लावताय? झुमुरला? माय, ठेवा, ठेवा तो फोन — काय म्हणालात? पुसाल. पण मी तिला खरं सांगितल्यावर. मीच. आत्ता. नंतर नाही सांगणार मी, हे ओळखलंत तुम्ही. दुकानदार नसून बरं ओळखलंत. नाही, तुम्ही नका सांगू, परक्या माणसाकडून नको. द्या इकडे. कुठं धरायचा, इथं? वाजतोय. उचलू नये तिनं. सातपर्यंत उचलूच नये —

हां, झुमुर. मी, दादू. ढाक्यात आहे गं, बरा आहे, ओरडू नको. जेवलीस का? ... मग आधी जेव. नाही, नको, नंतर जेव, आधी ऐक. सदरा घडी करून ठेव परत. मला नाही बसायचं आज. बाळा, ती काठावरची भोकं —