न टाकलेलं पोस्टकार्ड

देवराव : पुस्तक देखणं झालंय, अंजुम. पण हे पहिलं पान वाचलं आणि पुढे वाचवेना बघ.

अंजुम : काऊन भाऊ? खोटं काय आहे त्यात? 'देवराव मेश्राम यांना. त्यांनी रेडिओवर माझं नाव घेतलं, म्हणून मी लिहिती झाले.'

देवराव : नाव घेतलं, हे खरं. अठरा वर्षं झाली. तेवढ्यासाठी चंद्रपूरहून गाडी करून मला अहेरीला आणलंस, प्रकाशनाला प्रमुख पाहुणा केलंस...

अंजुम : तेवढ्यासाठी? भाऊ, तुमचा आवाज अजून कानात आहे. 'आणि अहेरीहून लिहितात, अंजुम शेख.' अब्बा इथीच मशीनवर बसून पँट शिवून राह्यले होते. त्यायचा पायच थांबला.

देवराव : मास्टर कुठे गेले, तुझे अब्बा?

अंजुम : तुमच्या चहाले दूध आणाले. म्हणूनच आता सांगून राह्यली. अब्बायनं ठरवलं आहे, आज सगळ्यायसमोर तुम्हाले माझं ते पहिलं पोस्टकार्ड मागाचं, ज्याच्यावरून तुम्ही नाव घेतलं. फ्रेम करून दुकानात लावतो म्हणते.

देवराव : कार्ड? अगं, पण...

अंजुम : आधी माझं आयका. हिंमत करून आली मी. भाऊ, ते कार्ड मी टाकलंच नव्हतं.

देवराव : काय म्हणालीस?

अंजुम : नव्हतं टाकलं. सातवी झाली होती माझी. अब्बा म्हणे, बस झाली शाळा, आता दुकानात बसून काज-बटन कर. त्याच आठवड्यात रेडिओवर नाव आलं. गिऱ्हाईकं धावत आले. 'मास्टर, तुमची पोरगी रेडिओले पत्र लिहिते!' अब्बायनं विचारलं, तू लिहिलं? मी म्हटलं, हो, परवा टाकलं. सोमवारी त्यायनं माझं नाव आठवीत घातलं.

देवराव : आणि मग महिन्याभराने तुझी पत्रं यायला लागली. चार-चार पानी.

अंजुम : खोटं खरं करावं म्हणून लिहाले बसली होती. मग सवयच लागली. पण भाऊ, अहेरीत दुसरी कोणी अंजुम शेख असन. कार्ड तिचं, नाव तिचं. तिचं नशीब मी खाल्लं. इतके वर्स तिले शोधून राह्यली मी. शाळेत, बाजारात, कुठीच नाई भेटली.

देवराव : भेटणार नाही, बाई. नव्हतीच ती.

अंजुम : म्हणजे?

देवराव : त्या दिवशी स्टुडिओत श्रोत्यांच्या कार्डांचा गठ्ठा घेतला, तर मूल गावची होती, वरोऱ्याची होती. अहेरीचं एकही नाही. इकडे पूर, रस्ते बंद. मनात आलं, इकडची माणसं घरात अडकून रेडिओच ऐकत असतील आणि आपल्या गावाचं एकही नाव येणार नाही. बरं नाही वाटलं. शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर एक अंजुम शेख होती, तेच नाव जोडून दिलं. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. मग तुझं पहिलं पत्र आलं. वाटलं, आता ही विचारणार. तू विचारलं नाहीस. मीही बोललो नाही. मले माफ कर, अंजुम. हे पान फाडून टाक. मी बनावट माणूस आहे.

अंजुम : तुम्ही रेडिओचं मराठी सोडून आमचं बोलले, भाऊ. पहिल्यांदा.

देवराव : माझंही तेच आहे गं. सिंदेवाहीचा आहे मी. पण मास्टरांना आता काय सांगायचं?

(नूरुद्दीन दुधाची पिशवी घेऊन आत येतात.)

नूरुद्दीन : काहीच नोका सांगू. दूध तर कवाचंच आणलं. दारात उभा होतो.

अंजुम : अब्बा...

नूरुद्दीन : तू 'परवा टाकलं' म्हटली होती. डाक तर पुरानं आठ दिवसापासून बंद होती. माझा धाग्याचा पार्सल आलापल्लीत भिजून राह्यला होता. तुझं कार्ड काय उडत गेलं?

देवराव : म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?

नूरुद्दीन : पोरीचं खोटं माहीत होतं. तुमचं आज समजलं.

अंजुम : मग कार्ड मागाचं काऊन ठरवलं?

नूरुद्दीन : आज तुझा खुशीचा दिन. मनात हे खोटं घेऊन कशी हासशीन तिथी? म्हटलं, कार्ड मागतो म्हटलं का तू खरं बोलशीन. अन् देवरावभाऊ, पान फाडाचं नाव नोका काढू. लई उपकार आहेत तुमचे या घरावर.

अंजुम : पण खोटं माहीत होतं, तरी शाळेत काऊन घातलं, अब्बा?

नूरुद्दीन : दिवसभर दुकानात मी तुले हाका मारो. ए पोरी, कैची आण. ए पोरी, इस्त्री पाह्य. अन् देवरावभाऊनं तुले 'लिहितात' म्हटलं. इतक्या अदबीनं तुझं नाव कोणीच घेतलं नव्हतं, बेटा. मीबी नाई.