आकडा नाही, रेडिओची तार

माझं नाव माणिकबाई महादेवराव गावंडे, वय ७१ वर्षे, शिक्षण दुसरीपर्यंत, धंदा शेती व घरकाम, रा. वलगाव.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझी नात आचल परभणीच्या रेडिओ केंद्रावर सांजच्या वेळी शेतीचा कार्यक्रम करते. तिनं जन्मात विळा धरला नाही, पण कपाशीवर काय फवाराचं ते आता साऱ्या मुलखाले सांगून राहिली. हे लिहा साहेब. ती म्हणे, आजी, फोनवर बोलतेच ना मी. फोनवर ती माझ्याशी बोलते, रेडिओवर साऱ्याईशी. ते ऐकाचं होतं. पण परभणी लागे तर नुसती खरखर, पोरगी विहिरीतून बोलल्यासारखी वाटे.

म्हणून आमच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार मी उकलली आणि माझ्या छपरापासून समोरच्या नईमाच्या गच्चीपर्यंत ताणली. नईमाचं बांगड्यांचं दुकान आहे. तार भिंतीले टेकू नये म्हणून तिनं दोन्हीकडे प्लास्टिकच्या बांगड्या अडकवून दिल्या. तारीचं एक टोक खाली आणून रेडिओभोवती वेढे घातले. आवाज असा साफ झाला की आचलले सर्दी झाली हे मले कळलं. कार्यक्रम संपल्यावर फोन करून हळदीचं दूध घ्याले सांगितलं.

परवा सांजी गावाची लाइन गेली. कार्यक्रम चालू होता, मी आवाज वाढवला. शेजारचे नत्थुजी बॅटरी घेऊन आले व म्हणाले, "वहिनी, साऱ्या गावाची लाइट गेली, तुमच्या घरी काहून बोलून राहिलं? खांबावर आकडा टाकला ना?" मी म्हटलं, "भाऊजी, लाइनच मेली, मंग आकडा टाकून चोरू काय? आत सेल हायेत." त्यांनी वर बॅटरी मारली, बांगड्या पाहिल्या, म्हणाले हे तर फ्यूज हाये. सकाळी वीजचोरीची तक्रार दिली.

आज लाइनमननं येऊन पाहिलं. तार खांबापासून लांब आहे, चोरी नाही, असं त्यानं तुमच्यासमोर सांगितलं. तरी नत्थुजी म्हणतात, तार काढा. तार मी काढणार नाही. आजही आचलचा कार्यक्रम आहे.

इथं बाकावर बसलेल्या नत्थुजींनी मधातच विचारलं, "ह्या तारीवर इंदूर लागते काय?" त्यांचा पोरगा अमोल तिकडे कारखान्यात आहे, दिवाळीले आला नव्हता. साहेब, तुम्ही त्यांना म्हणालात, विषय सोडून बोलू नका. इंदूर मी लावून पाहिलं नाही. त्याले तार अजून उंच पायजे, आणि आमच्या गल्लीत उंच म्हणजे नत्थुजींच्या अंगणातला निंब. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बांधा."

माझी कोणावर तक्रार नाही.

हवालदारसाहेबांनी हे सर्व मोठ्यानं वाचलं, मी ऐकलं, सांगितलं तसंच आहे. सही करते. लवकर सोडा, सांज व्हायच्या आत निंबावर चढणारा माणूस पाहाचा आहे.